तोरणातल्या झेंडूची पुढची पिढी

दसऱ्याचं तोरण चार-पाच दिवसांनी उतरतं. आंब्याची पानं वळून करकरीत झालेली असतात, झेंडूची फुलं सुकून तपकिरी. घरातलं कुणीतरी, बहुधा आजी, ती निर्माल्यात टाकू देत नाही. दोऱ्यातून एकेक फूल ओढून काढते, गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत चुरगाळते, वर मूठभर माती भुरभुरते आणि विसरून जाते. आठवड्याभरात कुंडी हिरवी होते. चाळीस-पन्नास रोपं, एक पैसा न मोजता! शेजारीपाजारी वाटली जातात, उरलेली पत्र्याच्या डब्यात, फुटक्या बादलीत जातात.

आणि मग कळ्या फुटल्या की कुजबुज सुरू होते. तोरणातलं फूल होतं लिंबाएवढं, गच्च भरलेलं, केशरी. कुंडीत उमललंय ते भलतंच. एका झाडाला पाच-सहा पाकळ्यांची एकच ओळ आणि मधे पिवळं बटण. दुसऱ्याचं फूल जरा भरलेलं, पण लिंबोळीएवढं. तिसरं झाड कमरेपर्यंत वाढलं आणि फूल मात्र फिकट. एका आईची म्हणवणारी ही भावंडं, पण दोघांचे चेहरे जुळत नाहीत. कुणी मातीला दोष देतं, कुणी खताला, कुणी हाताला गुण नसल्याचं कबूल करून मोकळं होतं.

मातीचा इथे काही दोष नाही. हाताचाही नाही. गोष्ट घडून गेली ती फूल तोडण्याच्या आधी, शेतात.

याच्या नेमकं उलटं कोडं पाकिटाचं. दुकानातून दहा-वीस रुपयांचं रंगीत पाकीट आणावं, चित्रातलं फूल ताटलीएवढं असावं, तीस बिया पेराव्यात आणि उगवाव्यात दोन. फुकटचं बी भसाभसा उगवतं पण मनासारखं फुलत नाही. विकतचं बी मनासारखं फुलेल, पण उगवतच नाही. स्वस्तात बाग करू पाहणाऱ्या प्रत्येकाचं घोडं या दोनपैकी एका जागी अडतं.

फूल नव्हे, चाळ

वाळलेला झेंडू देठाकडून धरून उभा फाडला, तर आतून काळ्या, सुईसारख्या काड्या निघतात. प्रत्येकीच्या डोक्यावर फिकट कुसांचा झुपका. ही एकेक काडी म्हणजे एक बी, आणि प्रत्येक बी एका स्वतंत्र फुलापासून झालेलं असतं. आपण ज्याला झेंडूचं एक फूल म्हणतो, ती खरं तर शे-दोनशे छोट्या फुलांची चाळ असते. सगळी बिऱ्हाडं एका हिरव्या वाटीत दाटीवाटीने राहतात, म्हणून लांबून एकच फूल वाटतं. सूर्यफूल, शेवंती, अॅस्टर, डेलिया ही मंडळीही याच घराण्यातली.

या चाळीत दोन तऱ्हेची बिऱ्हाडं असतात. बाहेरच्या बाजूची, जिला आपण पाकळी म्हणतो ती. तिच्यात फक्त स्त्रीकेसर असतो, परागकण नाहीत. आणि मधल्या बटणातली नळीसारखी बारीक फुलं, ज्यांच्यात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. साध्या एकेरी झेंडूत मधलं बटण मोठं, म्हणजे परागकण भरपूर. भरगच्च झेंडूत माणसाने निवड करत करत मधल्या नळ्यांच्या जागीही पाकळ्याच भरल्या. फूल देखणं झालं, पण परागकण देणारी बिऱ्हाडं जवळपास रिकामी झाली.

आता अशा भरगच्च फुलाला बी धरायचं, तर परागकण बाहेरून यायला हवेत. ते आणतात मधमाश्या, फुलपाखरं आणि इतर किडे. ते कुठून आणतात? जिथे परागकण मुबलक तिथून, म्हणजे पुष्कळदा बांधावरच्या, पडीक जागेतल्या एकेरी फुलांकडून. तोरणातल्या गुबगुबीत फुलाचं बी हे आईकडून भरगच्च असलं, तरी वडील कोण हे शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. कुंडीतली पोरं एकेरी निघतात त्याचं निम्मं उत्तर इथे मिळतं.

आणखी एक बारकावा. बाजाराचं फूल ताजं असताना तोडलेलं असतं, बी पिकायच्या आधी. झेंडूची चाळ बाहेरून आत अशी उमलत जाते, त्यामुळे कडेच्या बिया वयाने मोठ्या आणि मधल्या कोवळ्या. तोरणातलं फूल चुरगाळल्यावर हाती येतात त्यातल्या कितीतरी काड्या पोकळच असतात. बोटांत धरून वाकवून पाहावं. भरलेलं बी काळं, ताठ आणि किंचित जाड लागतं. पोकळ बी चपटं, भुरकट आणि गवताच्या काडीसारखं लवतं.

गुलबक्षीचा हिशेब

उत्तराचं उरलेलं निम्मं संकरात आहे. हल्ली शेतात लावला जाणारा भरगच्च झेंडू बराचसा संकरित असतो. संकर म्हणजे काय हे समजायला झेंडूपेक्षा गुलबक्षी बरी. संध्याकाळी उमलणारी, मिऱ्यासारख्या काळ्या बियांची, परसात एकदा आली की हलायचं नाव न घेणारी.

लाल फुलाची शुद्ध गुलबक्षी आणि पांढऱ्या फुलाची शुद्ध गुलबक्षी यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीतली सगळी झाडं गुलाबी फुलांची येतात. एकूण एक. रंगाची एक चिठ्ठी आईकडून आली, एक वडिलांकडून. लाल चिठ्ठी एकटी पडल्यामुळे अर्धाच रंग बनतो आणि फूल गुलाबी दिसतं. कुणी म्हणेल, छान, आता या गुलाबीचं बी धरू आणि कायम गुलाबी फुलं घेऊ. तिथेच फसगत होते. गुलाबी झाड आपल्या पोरांना एका वेळी एकच चिठ्ठी देऊ शकतं, कधी लाल, कधी पांढरी. दोन्हीकडून लाल आली तर पोर लाल, दोन्हीकडून पांढरी आली तर पांढरं, मिसळ झाली तर गुलाबी. सरासरीने चारांत एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने गुलबक्षीवर असे प्रयोग केले. १९०० मध्ये मेंडेलचे विसरलेले नियम ज्यांनी पुन्हा उजेडात आणले, त्यांच्यापैकी तो एक. आपल्या परसातल्या गुलबक्षीत पिवळे, ठिपक्यांचे, पट्ट्यांचे इतके रंग मिसळलेले असतात की हा हिशेब इतका सरळ दिसत नाही, ते सोडा.

ही झाली एका गुणाची कथा. झेंडूच्या संकरात रंग, आकार, झाडाची उंची, फुलायला लागणारे दिवस, पाकळ्यांचा गच्चपणा अशा अनेक गुणांच्या चिठ्ठ्या एकदम असतात. पहिल्या पिढीत प्रत्येक झाडाला चिठ्ठ्यांची तीच जोडी मिळते, म्हणून सगळं शेत गणवेश घातल्यासारखं एकसारखं फुलतं. दुसऱ्या पिढीत सगळ्या चिठ्ठ्या पिसल्या जातात आणि प्रत्येक झाडाच्या हाती वेगळी पानं येतात. गॅलरीतल्या कुंडीत दिसला तो हा पत्त्यांचा डाव.

एकेक बी रुपयाला का?

साध्या झेंडूचं बी ग्रॅमवर मिळतं. एका ग्रॅममध्ये तीनशे-साडेतीनशे बिया मावतात. संकरित झेंडूचं बी मात्र नग मोजून विकतात आणि एका बीची किंमत रुपया ओलांडून जाते. ग्राहकाला ही लूट वाटते. पण दरवर्षी तोच गणवेश हवा, तर दरवर्षी तेच आईवडील पुन्हा भेटवावे लागतात.

झेंडूच्या बाबतीत हे काम विशेष किचकट, कारण प्रत्येक चाळीतल्या शेकडो फुलांमधून पुंकेसर चिमट्याने काढणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. त्यावर तोड म्हणून बीजोत्पादक मुळातच परागकण नसलेलं आईचं वाण वापरतात. त्याच्या फुलाला पाकळ्याही नसतात. नुसत्या स्त्रीकेसरांचा झुपका. पण असं झाड स्वतःसारखी सगळी पोरं देत नाही. आईच्या ओळीतली जवळपास निम्मी झाडं परागकण असलेली निघतात. फुलं उमलू लागताच ती ओळखून उपटून टाकावी लागतात. मग निवडलेल्या वडिलांचे परागकण आणून लावायचे. निम्मं शेत उपटून उरलेल्यातून जे बी निघतं, त्याचं मोल त्या पाकिटावर असतं.

घरच्या बागेला हा खर्च करायची गरज आहे का? हार विकायचा नसेल, तर मुळीच नाही. संकरित नसलेली, निवड पद्धतीने स्थिर केलेली वाणं आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा ही त्यातली प्रसिद्ध नावं. पहिलं नारंगी, दुसरं पिवळं. यांचं बी धरलं तर पुढची पिढी बरीचशी तशीच येते. अट एकच, आसपास दुसरा झेंडू नको.

गोकर्णाला तर तीही अट नाही. त्याचं परागीभवन बहुतेक वेळा कळी उमलण्याआधी आतल्या आतच उरकतं. निळ्या गोकर्णाचं बी निळंच फुलतं. शेजाऱ्याच्या कुंपणावरून चार शेंगा मागून आणल्या की काम झालं.

पांढऱ्या झेंडूचे दहा हजार डॉलर

घरी धरलेलं बी म्हणजे कमअस्सल, असं मात्र समजू नये. अमेरिकेतल्या बर्पी या बियाणं कंपनीचे डेव्हिड बर्पी यांना झेंडूचं वेड होतं. केशरी-पिवळ्याच्या पलीकडे हे फूल जात नाही याची त्यांना खंत. १९५४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जो कुणी खरा पांढरा झेंडू पिकवून त्याचं बी पाठवेल, त्याला दहा हजार डॉलर. वर्षानुवर्षं देशभरातून पाकिटं येत राहिली. बक्षीस लागलं ते १९७५ मध्ये, आयोवा राज्यातल्या सली नावाच्या छोट्या गावच्या अॅलिस व्हॉन्क यांना. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती, ना पदवी. पद्धत साधी होती: दरवर्षी बागेतलं सगळ्यात फिकट फूल हेरायचं, त्याचंच बी ठेवायचं, पुढच्या वर्षी तेच पेरायचं आणि पुन्हा त्यातलं फिकट शोधायचं.

आजी नेमकी इथे चुकते. ती सगळी फुलं एकत्र चुरगाळते. तिने कुंडीतल्या चाळीस रोपांतलं सर्वांत भरगच्च झाड निवडलं असतं, त्याला दोरा बांधला असता, त्याची पहिली मोठी दोन-तीन फुलं झाडावरच पूर्ण वाळू दिली असती आणि एकेरी फुलांची झाडं कळी उमलताच उपटली असती, तर चार-पाच वर्षांत तिच्या गॅलरीचा स्वतःचा झेंडू तयार झाला असता. एकेरी झाड उपटताना जीव तुटतो, हे खरं. पण तेच मधमाशीच्या पायाला परागकण लावून देतं.

मटकी आणि गणंग

आता पाकिटाचं कोडं. बी उगवतं कसं, हे मराठी स्वयंपाकघराला वेगळं शिकवायला नको. मटकी रात्री भिजत घालतात, सकाळी उपसतात आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवतात. पाण्यातच का ठेवत नाहीत? कारण पहिले काही तास बीला फक्त पाणी हवं असतं. ती स्पंजासारखी फुगते, आतली विकरं, म्हणजे साठवलेलं अन्न फोडून देणारी रसायनं, जागी होतात. त्यानंतर मात्र तिचा श्वास सुरू होतो आणि तिला हवा लागते. पाण्यात बुडवून ठेवलेली मटकी गुदमरते, आंबते, वास मारते. कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतलं की झेंडूच्या बीचं तेच होतं. कुंडी म्हणजे ओलं फडकं असावं, पातेलं नसावं.

त्याच मटकीत चार-दोन दाणे असे निघतात की रात्रभर भिजूनही टणक. त्यांना गणंग म्हणतात. दाताखाली आला की घर हलतं. गणंगाचं टरफल पाणी आत घेतच नाही. निसर्गाच्या दृष्टीने ही खोट नाही, हुशारी आहे. सगळ्या बिया एकाच पावसात उगवल्या आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली, तर वंश संपला. म्हणून काही बिया मागे राहतात. गोकर्ण मटकीच्याच कुळातला, त्याच्या बियांतही असे गणंग बरेच. कर्दळीची बी तर छर्‍यासारखी कठीण. उपाय घरगुती आहे: बीची एक कड पॉलिश पेपरवर घासायची, आतलं फिकट दिसेपर्यंत, आणि रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी फुगलेल्या बिया पेरायच्या, न फुगलेल्या पुन्हा घासायच्या.

पेरणीची खोली हा दुसरा घोळ. झेंडूच्या बीत शिदोरी बऱ्यापैकी असते, अर्धा सेंटिमीटर माती ढकलून ती वर येते. पेटुनियाच्या एका ग्रॅममध्ये मात्र दहा हजारांच्या आसपास बिया असतात; तपकिरीची धूळच ती. इतक्या लहान जिवाजवळ शिदोरी ती किती? त्यामुळे निसर्गाने तिला सांगून ठेवलंय की उजेड लागल्याशिवाय उगवू नकोस. उजेड नाही म्हणजे डोक्यावर माती जास्त आहे. पेटुनियावर मातीचा थर देणारा माणूस तिला पुरतो. ती वरच्या वर भुरभुरायची, हाताने हलकेच दाबायची आणि पाणी खालच्या ताटलीतून द्यायचं. सदाफुलीची तऱ्हा बरोबर उलटी. तिला उगवायला अंधार लागतो, म्हणून तिच्यावर मातीचं पांघरूण हवंच. एकाच दिवशी, एकाच पद्धतीने दोन्ही पाकिटं पेरली तर एक नापास होणार हे ठरलेलंच.

उगवलं, पण टिकलं नाही

चौथ्या-पाचव्या दिवशी झेंडूची दुपानी रोपं वर येतात आणि आठव्या दिवशी सकाळी पाहावं तर काही आडवी पडलेली. खोड मातीलगत चिमटा घेतल्यासारखं बारीक आणि पाणचट. शेतकरी याला रोपं कोलमडणं किंवा मर म्हणतात. जमिनीतल्या बुरशीचा हा उद्योग, पण तिला आमंत्रण माणसाचं असतं: सतत ओली माती आणि दाट पेरणी. रोपवाटिकावाले गादीवाफा करतात तो याचसाठी, की जादा पाणी निथळून जावं. ट्रे आणि कोकोपीट वापरण्यामागेही तेच कारण. ९८ किंवा १०४ कप्प्यांचा ट्रे म्हणजे प्रत्येक रोपाला स्वतंत्र खोली. एकीला रोग लागला तरी शेजारीण वाचते. घरी भोकं पाडलेले दह्याचे डबे किंवा कागदी कपही चालतात.

फ्लॅटमधल्या खिडकीत दुसरीच अडचण. रोपं लांबुळकी, पांढुरकी, काडीसारखी होतात आणि काचेकडे झुकतात. त्यांना वाढ चांगली आहे म्हणून कौतुक करणारे लोक आहेत. प्रत्यक्षात ती उजेड शोधत धावत असतात आणि शिदोरी धावण्यातच संपवतात. बी उगवताक्षणी ट्रे उन्हाच्या जागी गेला पाहिजे, आठवड्याने नव्हे.

बी किती वर्षं जगतं?

१८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन इथे विल्यम जेम्स बील नावाच्या प्राध्यापकाने वीस बाटल्यांमध्ये ओलसर वाळूत बिया भरल्या आणि त्या तोंड खाली करून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि बिया उगवतात का ते पाहायचं. प्रयोग अजून सुरू आहे. २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी, काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या; पिवळ्या फुलांच्या एका रानझाडाच्या.

झेंडूकडून ही अपेक्षा करू नये. त्याचं बी दोन-तीन वर्षांत थकतं. पण किती लवकर थकावं हे बरंचसं आपल्या हाती असतं. बीज साठवणुकीत एक ठोकताळा वापरतात: बीमधला ओलावा एक टक्क्याने कमी केला की तिचं आयुष्य दुप्पट होतं आणि तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. खोलीत ३० अंश आणि फ्रीजमध्ये ५, म्हणजे पाच वेळा दुप्पट, बत्तीस पट. हा ठोकताळा आहे, गणित नव्हे. तरी दिशा स्पष्ट दिसते. पूर्वीच्या बायका बी राखेत घोळवून गाडग्यात ठेवत आणि तोंड लिंपून टाकत. राख ओल ओढून घेते, लिंपण नवी ओल आत येऊ देत नाही. शास्त्र तेच. आता राखेऐवजी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी, गाडग्याऐवजी घट्ट झाकणाची काचेची बाटली.

हे पाहिलं की दुकानातल्या पाकिटाचा उलगडा होतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात दाराशी दोरीला टांगलेलं कागदी पाकीट रोज हवेतली ओल पीत असतं. बी कंपनीतून निघालं तेव्हा बरं असेलही. आपल्या हाती आलं तेव्हा ते म्हातारं झालेलं असतं.

चौकट : पाकीट घेताना
• चाचणीची तारीख, उगवण टक्केवारी आणि वैधता या तीन ओळी शोधा. त्या नसतील, तर चित्र कितीही सुंदर असो, पाकीट ठेवून द्या.
• फुलझाडांच्या बियांवर बहुधा हिरवट लेबल असतं. त्यावरची माहिती उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर देतो. ते सरकारी प्रमाणीकरण नव्हे. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं असतं.
• ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ लिहिलं असेल, तर त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तेच फूल येईल ही आशा नको.
• जुनं पाकीट फेकण्याआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. आठवड्यात दहा उगवल्या तर बी निम्मं जिवंत आहे. फेकू नका, दुप्पट पेरा.
• फ्रीजमधली बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. ती खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर गार बियांवर दव धरतं.

रोप कधी विकत घ्यावं

सगळंच बीपासून करण्याचा हट्ट हाही खर्चिकच. पेटुनियाचं चांगलं बी महाग, धुळीएवढं आणि नाजूक. चार कुंड्यांसाठी ते आणण्यापेक्षा नर्सरीतून चार रोपं आणणं परवडतं. उलट झेंडू, तेरडा, झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल, गोकर्ण यांची रोपं पिशवीला वीस-तीस रुपये देऊन घेणं म्हणजे भाजी बाजारात मोड आलेली मटकी वाटीवर विकत घेणं. सूर्यफूल आणि गोकर्ण तर जागेवरच पेरावेत; त्यांचं सोटमूळ हलवलेलं त्यांना खपत नाही.

काही फुलझाडांत बीचा प्रश्नच नसतो. शेवंती काश्यांपासून, निशिगंध कंदापासून, मोगरा आणि जास्वंद छाटापासून. छाट म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, त्यामुळे चिठ्ठ्या पिसल्या जातच नाहीत आणि फूल जसंच्या तसं. बाजारात ‘कलकत्ता’ नावाने ओळखला जाणारा भरगच्च झेंडूही छाटापासून वाढवतात. म्हणजे आजीने फुलाऐवजी आवडत्या झाडाचा बोटभर शेंडा मागून आणून वाळूत खोचला असता, तर तिला हुबेहूब तेच फूल मिळालं असतं. तेही फुकटात.

नर्सरीत गेल्यावर हात आपोआप फुललेल्या रोपाकडे जातो. तो मागे घ्यावा. इवल्या पिशवीत फुललेलं रोप बऱ्याचदा अडचणीत सापडलेलं असतं: मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली, जागा संपलेली, म्हणून घाईघाईने बी धरायला निघालेलं. त्याच्याशेजारचं बुटकं, गडद पानांचं, कळीही नसलेलं रोप घ्यावं. ते संध्याकाळी लावावं. लावताना केसासारखी बारीक मुळं तुटतात आणि पाणी ओढण्याचं काम तीच करत असतात. भर दुपारी पानांतून पाणी उडत राहिलं तर भरपाई होत नाही आणि रोप मान टाकतं. रात्रभरात त्याला सावरायला वेळ मिळतो.

झेंडूचं रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. वरिष्ठ खुर्चीत असेपर्यंत खालच्यांना बढती नाही, तसंच. शेंडा गेला की बाजूचे फुटवे सुटतात आणि एका फुलाच्या जागी दहा येतात. फुलं आठवडाभराने उशिरा येतात, एवढीच काय ती किंमत. पुढे वाळलेली फुलं खुडत राहायचं, कारण बी धरलं की झाडाला वाटतं काम झालं. मखमली झेंडू आणि मोठा झेंडू यांच्या संकराला या कारणाने मोठा मान आहे. दोघांच्या गुणसूत्रांची संख्या वेगळी, ४८ आणि २४. त्यांच्या पोराला बी धरताच येत नाही, म्हणून ते फुलतच राहतं.

तिथी सरकते, झेंडू सरकत नाही

शेवटचा प्रश्न, पेरायचं कधी? झेंडूला बीपासून पुनर्लागवडीपर्यंत साधारण तीन-चार आठवडे आणि तिथून फुलापर्यंत पन्नास-साठ दिवस लागतात. ढोबळमानाने ऐंशी दिवस धरावेत. शेंडा खुडायचा असेल तर वर एक आठवडा. इंग्रजी महिन्याच्या हिशेबाने दरवर्षी त्याच तारखेला पेरणारा माणूस मात्र हमखास चुकतो, कारण दसरा पंचांगाप्रमाणे येतो. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला होता. ऐंशी दिवस मागे गेलं की १४ जुलै. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा थेट २० ऑक्टोबरवर गेला आहे. त्या दसऱ्याचं तोरण घरच्या फुलांचं हवं असेल, तर बी मातीत पडायची तारीख १ ऑगस्ट.